ट्रेकसाठी फिक्स्ड ब्लेड सुरी घेताय? आधी नकाशा बघा, मग स्पेसिफिकेशन

मोबाइलवर ट्रेकिंगचे दोन-चार व्हिडिओ शेवटपर्यंत बघितले की फीडमध्ये सुऱ्या दिसायला लागतात. 'सर्व्हायव्हल नाइफ', 'हंटिंग नाइफ', 'फुल टँग', 'डी२ स्टील', '५८ एचआरसी'. फोटो भारी आणि डिस्काउंट त्याहून भारी. मी भाईंदरला राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सह्याद्रीत भटकतो. त्यामुळे "यातली कुठली घेऊ?" असा मेसेज मला अधूनमधून येतोच, सोबत एखादी लिंक चिकटवलेली असते.

फोन घेताना आपण प्रोसेसर, रॅम, बॅटरी बघतो. सुरीचीही अशीच स्पेक शीट असते आणि ती वाचता आली तर पैसे वाया जात नाहीत. पण एक मोठा फरक आहे. फोन खिशात टाकून कुठेही जाता येतं, सुरी घेऊन जाता येत नाही. म्हणून या लेखात क्रम थोडा उलटा ठेवलाय: आधी कुठे जाणार, मग तिथे काम काय, आणि शेवटी सुरी कुठली.

## 'हंटिंग' हा शब्द आधी बाजूला ठेवा

ऑनलाइन दिसणाऱ्या बऱ्याच सुऱ्यांचं वर्णन अमेरिका-युरोपातल्या ग्राहकासाठी लिहिलेलं असतं. तिकडे परवाना काढून ठरावीक हंगामात शिकार करता येते. आपल्याकडे तसं नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. आणि कायद्यातली 'शिकार' म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं, त्यासाठी नुसता प्रयत्न करणं, इतकंच काय, रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं हेही त्यात येतं.

महाराष्ट्रातलं एक उदाहरण बघा. राधानगरी-दाजीपूरचं जंगल हे एकेकाळी कोल्हापूरच्या राजघराण्याचं राखीव शिकारीचं रान होतं. १९५८ मध्ये तिथे गव्यांसाठी अभयारण्य झालं. ज्या रानात पूर्वी शिकारी जायचे तिथे आज आपण कॅमेरा घेऊन जातो.

याचा सुरीच्या निवडीशी थेट संबंध आहे. पात्याच्या पाठीवर आकड्यासारखी खाच असते, तिला 'गट हुक' म्हणतात. मारलेल्या जनावराचं पोट फाडताना आतडी कापली जाऊ नयेत म्हणून ती दिलेली असते. कातडं सोलायला जास्त गोलाई दिलेलं 'स्किनिंग' पातंही असतं. आपल्याला या दोन्हींचा काडीचा उपयोग नाही. जे फीचर वापरणंच गुन्हा आहे, त्याचे पैसे कशाला मोजायचे?

## पहिला प्रश्न: ट्रेक अभयारण्यात आहे का?

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि सुरीच्या व्हिडिओंमध्ये मला क्वचितच दिसणारा.

वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी असल्याशिवाय कोणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हाच नियम लागू आहे. आता तुम्ही म्हणाल, माझी सुरी शस्त्र थोडीच आहे, मी तर काकडी कापणार! पण याच कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या दिलेली आहे. बंदुका, धनुष्यबाण, जाळी, सापळे, विष यांच्या यादीत सुऱ्यांचं नाव स्पष्ट लिहिलंय. त्यात पात्याच्या लांबीची सूट दिलेली नाही. या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता आपल्या आवडत्या ट्रेकची यादी काढा. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. भीमाशंकर अभयारण्य आहे. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. कर्नाळा किल्ला पक्षी अभयारण्यात आहे. आपल्या मीरा-भाईंदरच्या तर दारातच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. घोडबंदर रस्त्याने निघालात की डोंगराच्या बाजूला त्याचीच झाडी दिसते. खाडी ओलांडून वसईकडे गेलात की तुंगारेश्वर, तेही अभयारण्यच. आणि हिवाळ्यात ज्याच्यासाठी मुलं महिनाभर आधी रेल्वेचं तिकीट काढतात तो उत्तराखंडचा केदारकंठा गोविंद पशू विहार या संरक्षित क्षेत्रात येतो. कायदा केंद्राचा असल्यामुळे तिथेही तोच नियम.

थोडक्यात, पाठपिशवीत सुरी टाकून आपण ज्या ठिकाणी जायची स्वप्नं बघतो, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी ती न्यायचीच नसते.

मग हे तपासायचं कसं? फोन हातात आहेच. गूगल मॅप्सवर ट्रेकचं ठिकाण शोधा आणि आजूबाजूच्या हिरव्या भागावर 'अभयारण्य' किंवा 'राष्ट्रीय उद्यान' असं नाव दिसतंय का ते बघा. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणाऱ्या ट्रेकिंग ॲपमध्ये संरक्षित क्षेत्राची हद्द बहुतेक वेळा हिरव्या रेषेने दाखवलेली असते. पण नकाशावरची रेष म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ट्रेक घेऊन जाणाऱ्या ग्रुपला विचारा, वनविभागाच्या नाक्यावर विचारा. शंका आली तर सुरी घरी ठेवा. भाजी घरूनच चिरून डब्यात घ्या, पाकिटं हाताने फाडता येतील अशी निवडा, दोरी लागेल तेवढ्या मापाची आधीच कापून ठेवा. दोन दिवसांच्या ट्रेकमध्ये सुरीवाचून काही अडत नाही.

## दुसरा प्रश्न: घरापासून तिथपर्यंत नेणार कशी?

समजा, तुमचा बेत संरक्षित जंगलातला नाही. पवनेच्या काठचा तंबू आहे, मित्राच्या शेतावरचा मुक्काम आहे, राजमाचीच्या गावात एखाद्या घरी राहणं आहे. तरीही भाईंदर ते दादर आणि तिथून कर्जत किंवा कसाऱ्याची लोकल हा प्रवास आहेच. इथे दोन गोष्टी माहीत पाहिजेत.

एक, शस्त्र कायदा. शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर सुऱ्यांचा उल्लेख आहे, आणि पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद असण्याची मर्यादा तिथे दिलेली आहे. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. ९ इंच म्हणजे जवळजवळ २३ सेंटिमीटर. ट्रेकला एवढी लांबी कधीच लागत नाही. खंजिराचं नाव यादीत वेगळं आहे, म्हणून दोन्ही बाजूंना धार असलेलं पातं घेऊच नका. दुधारी पात्याने भाजी चिरत नाहीत, ते भोसकण्यासाठीच असतं आणि पोलीसही त्याकडे तसंच बघणार.

दोन, मनाई आदेश. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हा दंडाधिकारी ठरावीक काळासाठी सार्वजनिक जागी शस्त्रं, काठ्या, सुऱ्या बाळगायला बंदी घालू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला 'मनाई आदेश लागू' अशी बातमी आपण वाचतो ना, ती हीच. मीरा-भाईंदर आणि वसई-विरारसाठी १ ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे आपल्या भागाचा आदेश त्यांच्याकडून निघतो. या आदेशात ९ इंचांचा हिशेब चालत नाही. 'सुरी' हा शब्दच कलमात आहे.

म्हणून ९ इंचांपेक्षा लहान सुरी म्हणजे खिशात मिरवायचा परवाना, असं समजू नका. न्यायची असेल तर म्यानात, कापडात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी, भांड्याकुंड्यांच्या सोबत. कमरेच्या पट्ट्याला अजिबात नाही. मेट्रोच्या प्रवेशद्वारावर सामान तपासतात, तिथे धारदार वस्तू चालत नाहीत. विमानाने जाणार असाल तर हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या सामानात.

आणि रील? तलवारीने केक कापला म्हणून, कोयता हातात घेऊन व्हिडिओ टाकला म्हणून गुन्हा दाखल, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. नवीन सुरीचं 'अनबॉक्सिंग' करायचा मोह होतो, पण फिल्मी डायलॉग लावून पातं कॅमेऱ्यासमोर फिरवलेला व्हिडिओ हा तुमच्याच विरुद्धचा पुरावा ठरू शकतो. पंधरा सेकंदांच्या रीलपायी पुढे पासपोर्टचं किंवा नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन अडकवून घेऊ नका.

## तिसरा प्रश्न: काम नेमकं काय?

यूट्यूबवर सुरी लाकडात ठोकून ओंडके फोडलेले दिसतात. त्याला 'बॅटनिंग' म्हणतात. ते थंड देशातल्या जंगलात, परवानगी असलेल्या जागी, शेकोटीसाठी करतात. आपल्याकडे राखीव वनात आग पेटवणं आणि झाडं तोडणं याला भारतीय वन अधिनियम १९२७ नेच मनाई आहे. उन्हाळ्यात सह्याद्रीतलं गवत इतकं वाळलेलं असतं की एका ठिणगीने अख्खा उतार जळतो.

मग कॅम्पवर सुरीला राहतं काय? कांदा, टोमॅटो, बटाटा, काकडी. नायलॉनची दोरी कापणं. मसाल्याची आणि दुधाची पाकिटं उघडणं. फाटलेल्या तंबूला लावायची टेप, पायाला बांधायची पट्टी कापणं. शेतावर मुक्काम असेल तर वाळक्या काटकीचं टोक तासून तंबूची खुंटी करणं. एवढंच. ही सगळी कामं एका छोट्या, पातळ, नीट धार लावलेल्या सुरीची आहेत.

## फिक्स्ड ब्लेड म्हणजे काय, आणि तीच का?

जी सुरी घडी होत नाही, जिचं पातं मुठीत कायमचं बसवलेलं असतं ती फिक्स्ड ब्लेड. आपली स्वयंपाकघरातली सुरी फिक्स्ड ब्लेडच आहे. घडीच्या सुरीत बिजागरी आणि लॉक असतं. त्यात चिखल, वाळू, पिठाचे कण अडकतात, आणि लॉक सैल झालं तर काम चालू असताना पातं बोटावर मिटू शकतं. फिक्स्ड ब्लेडमध्ये हलणारा भागच नाही. धुवायला सोपी, पावसात भरवशाची, आणि गडावर अंधारात स्वयंपाक करतानाही सुरक्षित. तोटा एकच: ती जागा घेते आणि तिला चांगलं म्यान लागतं.

## स्पेक शीट वाचूया

पात्याची लांबी. ९ ते ११ सेंटिमीटर, म्हणजे साधारण तुमच्या तळव्याच्या रुंदीएवढी. याहून लांब पातं बारीक कामाला अवघड जातं आणि बघणाऱ्यालाही ते सुरीपेक्षा हत्यार जास्त वाटतं.

पात्याची जाडी. पाठीवर मोजायची. अडीच ते साडेतीन मिलिमीटर पुरे. ५-६ मिलिमीटर जाड पातं फोटोत दणकट दिसतं, पण बटाट्यात घातलं की काप पडत नाही, पाचर ठोकल्यासारखा बटाटा मधोमध फुटतो. ओझं वाढतं ते वेगळंच.

पात्याचा आकार. 'ड्रॉप पॉइंट' बघा. यात पाठ टोकाकडे हळूच खाली उतरते, टोक मजबूत आणि काबूत राहतं. दातेरी पाठ असलेलं पातं टाळा. त्या दात्यांनी लाकूड नीट कापलं जात नाही, आणि पाठीवर अंगठा टेकवून काम करता येत नाही.

टँग. पात्याचा जो भाग मुठीच्या आत जातो तो टँग. तो मुठीच्या शेवटापर्यंत, मुठीच्याच रुंदीचा असेल तर 'फुल टँग'. ओळखायची खूण सोपी आहे: मुठीच्या कडेने सगळीकडे धातूची रेघ दिसते आणि दोन्ही बाजूंना लाकडाचे किंवा प्लास्टिकचे तुकडे रिबीटने बसवलेले असतात. पण फुल टँग नाही म्हणजे सुरी वाईट, असंही नाही. स्वीडनच्या मोरा गावच्या मोराक्निव कंपनीची 'कंपॅनियन' ही जगभर वापरली जाणारी सुरी फुल टँग नाही, तरी कॅम्पच्या कामाला ती उत्तम आहे. टाळायची ती पोकळ मुठीची 'सर्व्हायव्हल' सुरी, जिच्या बुडाला होकायंत्र आणि आत काड्यापेटी असते. १९८२ च्या 'फर्स्ट ब्लड' सिनेमानंतर ती प्रसिद्ध झाली. स्वस्त नकलांमध्ये पातं मुठीला नुसतं अडकवलेलं असतं आणि जोर पडला की तिथेच तुटतं.

मूठ. चारही बोटं बसली पाहिजेत. ओल्या हातातून घसरणार नाही अशी रबरी किंवा खरखरीत असावी. मूठ आणि पातं यांच्यामध्ये बोट अडकेल असा छोटा उंचवटा हवा, नाहीतर ओला हात पुढे सरकून धारेवर जातो.

म्यान. निम्मी सुरक्षितता इथे आहे. चामड्याचं म्यान सुंदर दिसतं, पण कोकणच्या पावसात ओलं राहतं आणि पात्याला गंज चढवतं. कडक प्लास्टिकचं, तळाला पाणी निघून जायला भोक असलेलं म्यान घ्या. घरी आल्यावर तपासा: गादीवर धरून म्यान उलटं करा आणि झटका द्या. सुरी बाहेर पडली तर परत पाठवा.

वजन. म्यानासकट १०० ते १५० ग्रॅम. मोबाइलपेक्षा जड सुरी पाठीवर वाहायची गरज नाही.

## स्टीलचं गणित, भाईंदरच्या भांड्यांवरून

भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे कारखाने आहेत. मग प्रश्न पडतो, आपल्याकडे एवढं स्टेनलेस स्टील आहे, तर त्याच पत्र्याची सुरी का नाही करत?

कारण स्टील एक नसतं. चांगल्या भांड्यावर '१८/८' असं लिहिलेलं असतं, त्याची ग्रेड ३०४. यात १८ टक्क्यांच्या आसपास क्रोमियम, ८ टक्क्यांच्या आसपास निकेल आणि कार्बन जास्तीत जास्त ०.०८ टक्के. क्रोमियममुळे गंज धरत नाही. निकेलमुळे त्याची आतली रचना अशी राहते की तापवून थंड केलं तरी ते कडक होत नाही. ताट-वाटी दाबून घडवायला हा गुण छान, पण सुरीला नाही.

सुरीचं स्टील तापवून एकदम थंड केलं की कडक व्हावं लागतं. लोहार ज्याला 'पाणी देणं' म्हणतात ते हेच. त्यासाठी कार्बन लागतो. १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने सुमारे १३ टक्के क्रोमियमचं, कडक करता येणारं स्टेनलेस स्टील तयार केलं. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचंच गाव, त्यामुळे तिथे ते लगेच सुऱ्यांसाठी वापरात आलं. आजच्या बऱ्याच सुऱ्यांचं स्टील त्याच कुळातलं आहे.

लिस्टिंगमध्ये दिसणारी नावं अशी वाचा:

- ४२०एचसी: कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेर. गंज कमी, धार लावायला सोपी. नवशिक्यासाठी चांगली.
- १२सी२७: स्वीडिश स्टील, कार्बन ०.६ टक्के. गंज आणि धार यांचा उत्तम मेळ.
- ८सीआर१३एमओव्ही: चिनी स्टील, कार्बन ०.८ टक्के. कमी बजेटमध्ये ठीक.
- डी२: कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. धार खूप टिकते, पण घरी धार लावणं कष्टाचं, आणि पूर्ण स्टेनलेस नसल्याने डाग पडतात.
- १०९५ किंवा 'हाय कार्बन': धार झकास, पण क्रोमियम जवळजवळ नाही. समुद्राकाठी राहणाऱ्याने रोज पुसायची आणि तेल लावायची तयारी ठेवावी.

नुसतं 'स्टेनलेस स्टील' किंवा 'सर्जिकल स्टील' लिहिलंय आणि ग्रेडच दिलेली नाही? मग ते ऑक्टाकोअर प्रोसेसर एवढंच लिहून नाव लपवणाऱ्या फोनसारखं समजा.

एचआरसी म्हणजे काय? रॉकवेल कडकपणा. हिऱ्याचं शंकूसारखं टोक १५० किलोच्या भाराने स्टीलवर दाबतात आणि ते किती खोल गेलं यावरून आकडा काढतात. बाहेरच्या वापराला ५६ ते ५८ हा आकडा योग्य. ५२-५३ असेल तर धार लवकर वाकते. ६२ असेल तर धार जास्त टिकते, पण दगडावर आपटली तर काचेसारखी कपची उडू शकते. इथे जास्त आकडा म्हणजे जास्त चांगलं, हे फोनचं गणित चालत नाही.

घरी करण्यासारखी एक चाचणी: पात्याला चुंबक लावा. कडक होणाऱ्या स्टीलला ते घट्ट चिकटतं. सहज घसरून पडलं तर ते भांड्याच्या जातीचं स्टील असण्याची शक्यता मोठी. फ्रिजवरचं चुंबकही चालेल.

## ऑनलाइन घेताना कुठे फसतात?

'डमास्कस' हा शब्द सगळ्यात जास्त विकला जातो. जुन्या काळी दक्षिण भारतात मुशीत वितळवून बनवलेलं पोलाद जगभर जायचं आणि त्याच्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसायची. आजचं डमास्कस म्हणजे दोन प्रकारच्या स्टीलचे थर एकत्र घडवलेलं पातं. आणि अगदी स्वस्तात मिळणारं डमास्कस म्हणजे बऱ्याचदा साध्या पात्यावर लेझरने छापलेली नक्षी. खऱ्या थरांची रेघ पात्याच्या पाठीवरही दिसते. छापील असेल तर पाठ कोरी असते. तसंही या नक्षीचा भाजी चिरायला उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट, रिव्ह्यू. पहिल्या दिवशी कागद कापून पाच तारे देणाऱ्यांपेक्षा सहा महिन्यांनी फोटो टाकणाऱ्यांवर विश्वास ठेवा. गंजाचा, मूठ सैल झाल्याचा फोटो दिसतोय का बघा.

तिसरी, लोहाराचा पर्याय. गावच्या बाजारात लोहार किंवा घिसाडी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यापासून विळे-कोयते घडवतात. ते स्प्रिंगचं स्टील असतं, चिवट आणि धार धरणारं. तळव्याएवढी छोटी, एकधारी, भाजीची सुरी करून मागितलीत तर अनेक ब्रँडच्या तोंडात मारेल. मात्र गंज धरणार हे गृहीत धरा. आणि कोयता आणू नका. शेतात तो अवजार आहे, लोकलच्या डब्यात त्याला अवजार कोणी म्हणणार नाही.

## धार आणि देखभाल

उत्तनला बोंबील वाळत घातलेल्या वलांडीजवळून गेलात तर जिभेवर मीठ जाणवतं. तेच मीठ आपल्या कपाटातल्या सुरीवरही बसतं. मासळी बाजारात मावशींच्या कोयत्याकडे बघा: पातं काळपट, पण धार लखलखीत. रोजचा वापर, रोज धुणं, रोज धार. तीच सवय आपल्याला लागली तर स्टीलची ग्रेड एक पायरी खाली असली तरी चालतं.

वापरून झाली की साबणाने धुवा, कोरडी पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवा. घरी म्यानात ठेवू नका, ओल राहते. कापडात गुंडाळून, लहान मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

धार लावायला ४०० आणि १००० ग्रिटचा दुहेरी दगड पुरेसा आहे. कोन दर बाजूला साधारण २० अंश. तो कसा मोजायचा? चौकोनी कागदाचा कोपरा घ्या, ९० अंश. एकदा दुमडा, ४५. पुन्हा दुमडा, साडेबावीस. ही पाचर दगडावर ठेवून सुरी तेवढी कलती धरा. सायकलवर येणाऱ्या धारवाल्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडताना पातं तापतं. धारेवर निळसर डाग दिसला की तिथलं 'पाणी' उतरलं समजा, त्या जागी धार टिकणार नाही.

बोथट सुरी जास्त धोकादायक असते, कारण तिच्यावर जोर द्यावा लागतो आणि ती घसरते. कापताना धार नेहमी अंगापासून लांब. मांडीवर ठेवून काही कापायचं नाही. दुसऱ्याला देताना हातात द्यायची नाही, खाली ठेवायची आणि त्याने उचलायची. शहरात बोट कापलं तर दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो. गडावरून खाली यायला तीन तास लागतात, आणि टाका पडेपर्यंत आणखी दोन.

## मग घेऊ कुठली?

माझं सरळ मत सांगतो. तुम्ही वर्षातून चार-पाच ट्रेक करत असाल आणि त्यातले बहुतेक कळसूबाई, हरिश्चंद्रगड, भीमाशंकर या भागातले असतील, तर फिक्स्ड ब्लेड सुरी घेऊ नका. तिला न्यायला तुमच्याकडे जागाच नाही. तेच पैसे चांगल्या हेडलॅम्पवर, पावसाळी बुटांवर किंवा प्रथमोपचाराच्या पेटीवर घाला.

शेतावर, खासगी कॅम्पवर मुक्काम होत असेल तर पहिलं वर्षभर घरातलीच छोटी भाजीची सुरी प्लास्टिकच्या टोपणासह वापरून बघा. तिने काम भागत नाही असं खरंच वाटलं, तर मग खरेदी करा: १० सेंटिमीटरच्या आसपास एकधारी ड्रॉप पॉइंट पातं, जाडी ३ मिलिमीटरपर्यंत, ४२०एचसी किंवा १२सी२७ स्टील, ५६ ते ५८ एचआरसी, रबरी मूठ, कडक प्लास्टिकचं म्यान. गट हुक नको, दातेरी पाठ नको, पोकळ मूठ नको, दुधारी तर नकोच.

आणि 'बाय नाऊ' दाबण्याआधी दुसऱ्या टॅबमध्ये नकाशा उघडा. पुढच्या तीन ट्रेकची नावं टाका आणि त्यातल्या किती ठिकाणी ही सुरी कायद्याने नेता येते ते मोजा. उत्तर शून्य आलं, तर कार्ट रिकामी करायला एक सेकंद पुरतो.